डोंगराची धार आणि वाऱ्याची उचल

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या कारखानदारीच्या पट्ट्यात वाऱ्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. वळवाच्या पावसाआधी रस्त्यावरचे फलक उडाले किंवा दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत धूळ गेली, तरच त्याची आठवण होते. मात्र याच पट्ट्यात थोडी मंडळी अशीही आहेत, जी सुटीच्या आदल्या रात्री वाऱ्याची दिशा आणि वेग पाहिल्याशिवाय गजर लावत नाहीत. पाठीवर पंधरा-वीस किलोंचा बोजा घेऊन ती सकाळच्या लोणावळा लोकलने किंवा जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने मावळात जातात आणि कामशेतच्या आसपासच्या डोंगरांवरून पॅराग्लायडर घेऊन हवेत झेपावतात. पर्यटकाला मिळणारी दहा-पंधरा मिनिटांची जोडफेरी निराळी आणि हे निराळे. ही मंडळी एकट्याने उडतात, आणि वारा मनासारखा असेल तर तासन् तास डोंगराच्या धारेवरून येरझाऱ्या घालतात. इंजिन नाही, इंधन नाही. तरीही माणूस खाली का येत नाही, हा प्रश्न पायथ्याशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला पडतो.

त्यासाठी घरापासून दूर का जावे लागते, हे आधी पाहू. डोंगर तर औद्योगिक पट्ट्यातही आहेत. तुकोबांच्या स्मृतीने पावन झालेले भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर हे तिन्ही डोंगर कारखान्यांच्या धुराड्यांवरून दिसतात. पण त्यांच्या पायथ्याशी आता वस्ती, गोदामे, महामार्ग आणि विजेच्या तारा आहेत. शिवाय लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा असून नागरी विमानेही तेथूनच ये-जा करतात. त्यामुळे या भागाच्या आकाशावर नियंत्रण असते. चुकले तर उतरायला मोकळी जागा नाही आणि वर जायला मोकळे आकाश नाही, अशा डोंगराचा उपयोग केवळ दर्शनाला.

पुण्याला इंजिनाविना उडण्याचा छंद नवा नाही. हडपसरजवळ सासवड रस्त्यालगत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग केंद्र आहे. तेथील ग्लायडर म्हणजे लांब पंखांचे खरेखुरे विमान, फक्त इंजिन वगळलेले. जमिनीवरील विंच लांबलचक दोर वेगाने गुंडाळतो आणि पतंगाला ढील न देता खेचावे तसे ग्लायडर वर चढते. दोर सुटल्यावर पुढचा सगळा खेळ तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या उष्ण हवेच्या स्तंभांचा, म्हणजे थर्मलचा. सपाट माळावरच्या ग्लायडिंगची हीच रीत आहे. स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या सफदरजंग येथील नागरी उड्डाण खात्याच्या तांत्रिक केंद्राने देशी ग्लायडर घडवले, त्यांची नावे अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर आणि आर्द्रा. नावे ठेवणाऱ्याने समोर पंचांग उघडून ठेवले असावे. मृग आणि आर्द्रा ही पावसाची नक्षत्रे, म्हणजे नेमका उड्डाणे बंद ठेवण्याचा काळ, ही त्यातली गंमत.

युरोप-अमेरिकेतील ग्लायडिंग क्लब वर्षातून एकदा तरी आपली ग्लायडर सुटी करून, गाडीमागच्या ट्रेलरवर लादून डोंगराळ मुलखात मुक्कामाला नेतात. मावळात ते जमण्यासारखे नाही. ग्लायडरला धावायला आणि उतरायला काही शे मीटरची समतल पट्टी लागते. बांधाबांधांनी तुकडे पडलेल्या भातखाचरांच्या दरीत ती कोठून आणायची? म्हणून येथील डोंगरधारा पॅराग्लायडरच्या वाट्याला आल्या. १९७८ मध्ये फ्रान्समधील मियुसी या आल्प्समधल्या गावी विमानातून उडी मारायच्या चौकोनी पॅराशूटसह काही जण थेट डोंगरउतारावरून धावत सुटले, तेथून हा प्रकार जगभर रुजला. कामशेत परिसरात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचे शिक्षण देणाऱ्या शाळा सुरू झाल्या. टॉवर हिल, शेलार, शिंदेवाडी ही नावे तेव्हापासून उडणाऱ्यांच्या तोंडी आहेत. पिशवीत मावणारे आणि लोकलच्या डब्यात नेता येणारे विमान मिळाल्यावर धावपट्टीची गरजच उरली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. सपाटीवरून वाहत आलेल्या वाऱ्याच्या वाटेत आडवा डोंगर आला की त्याला दोनच मार्ग असतात, बाजूने जाणे किंवा वरून जाणे. डोंगर सुटा असेल तर बराचसा वारा त्याला वळसा घालतो. पण धार लांबलचक असेल तर वळसा घालायला जागाच नसते आणि वारा उतारावरून वर चढतो. या वर चढणाऱ्या हवेला उडणारे ‘लिफ्ट’ म्हणतात, मराठीत ‘उचल’ म्हणता येईल. पॅराग्लायडर स्वतः कायम खालीच येत असतो, सेकंदाला साधारण १.१ ते १.२ मीटर. मात्र ज्या हवेतून तो खाली येतो ती हवाच त्याहून अधिक वेगाने वर जात असेल, तर जमिनीवरून पाहणाऱ्याला तो चढताना दिसतो. सरकत्या जिन्यावरून उलटे उतरणारा माणूस हळूहळू वरच्या मजल्यावर पोहोचावा, तसा हा प्रकार आहे.

आकडेमोड अवघड नाही. ताशी २५ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. तीन मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढणाऱ्या उतारावरून तो वाहिला, तर त्यातला दोन मीटरांहून थोडा अधिक वेग वरच्या दिशेने मिळतो. त्यातून पॅराग्लायडरचे खाली येणे वजा केले की सेकंदाला जेमतेम एक मीटर शिल्लक राहतो. सारा खेळ या एका मीटरवर चालतो. वारा ताशी १५ किलोमीटरच्या खाली गेला, किंवा धारेला काटकोनात न येता तिरपा झाला, की ही शिल्लक संपते आणि मुकाट्याने पायथ्याचे शेत शोधावे लागते.

वारा जास्त झाला तर अधिक बरे, असे येथे मनात येणे स्वाभाविक आहे. नेमका तोच गैरसमज घातक ठरतो. पॅराग्लायडरचा नेहमीचा वेग ताशी ३६ ते ३८ किलोमीटर असतो. समोरून ताशी ३५ किलोमीटरचा वारा आला तर तो आकाशात जागच्या जागी उभा राहतो. वारा ताशी ४० झाला की तोंड वाऱ्याकडे असूनही मागे, डोंगराच्या माथ्याकडे ढकलला जाऊ लागतो. वेगवर्धकाच्या दोरीवर पाय रोवून थोडा वेग वाढवता येतो. पण पंख तेव्हा अधिक नाजूक स्थितीत असतो. माथ्यापलीकडे तर हवेचे खरे रौद्र रूप असते. धबधब्याखालच्या डोहात पाणी जसे गरगरते, तशी डोंगर ओलांडलेली हवा पाठीमागच्या बाजूस भोवरे घेत कोसळते. याला ‘रोटर’ म्हणतात. त्यात सापडलेला कापडी पंख क्षणार्धात मिटू शकतो. जमिनीवर पंख आवरतानाही हाच हिशेब लागू होतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा ताशी २० वरून ३० वर गेला, म्हणजे केवळ दीडपट झाला, तरी ओढ सव्वादोन पट होते. कारखान्यात दाब आणि भार यांची गणिते करणाऱ्या अभियंत्यालाही ही गोष्ट पहिल्यांदा कळते ती पंखाने उताराच्या दगडगोट्यांवरून फरफटत नेल्यावर.

त्यातही सह्याद्रीचे रूप निराळे. दख्खनचे बेसाल्टचे थर लाव्ह्याच्या एकावर एक पसरलेल्या प्रवाहांतून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झाले. कठीण थरांचे उभे कडे झाले आणि मऊ थर झिजून त्यांच्यामध्ये तिरके उतार व सपाट्या राहिल्या. मावळातल्या कोणत्याही डोंगराकडे पाहिले तरी ही पायऱ्यापायऱ्यांची रचना दिसते. सलग गवताळ उतारावरून वारा जितका सुरळीत चढतो तितका उभ्या कड्यावरून चढत नाही. कड्याच्या पायथ्याशी त्याचा भोवरा होतो, आणि वरची धार करवतीने कापल्यासारखी असल्यामुळे सपाट माथ्यावर लगेच हवा फाटते. लोहगड किंवा विसापूरच्या तटावरून खाली पाहताना कडा जितका भव्य वाटतो, तितका तो उडणाऱ्याच्या कामाचा असेलच असे नाही. त्याला हवा असतो लांब, मध्यम चढाचा, झाडीझुडपांनी न अडलेला आणि समोर रुंद दरी असलेला उतार.

मावळाच्या नकाशाकडे पाहिले तर आणखी एक अडचण ध्यानात येते. सह्याद्रीची मुख्य रांग उत्तर-दक्षिण धावते. परंतु तिच्यापासून पूर्वेकडे निघालेल्या सोंडा इंद्रायणी, पवना, आंद्रा या नद्यांच्या खोऱ्यांमधून साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरतात. लोहगड-विसापूरची रांग इंद्रायणी आणि पवनेच्या मधली, अशीच. म्हणजे पश्चिमेचा वारा पुष्कळदा या सोंडांवर आदळण्याऐवजी त्यांच्या लगतून दरीतून सरळ निघून जातो. जेथे सोंड वळते, तिला फाटा फुटतो किंवा एखादे टेकाड नेमके वाऱ्यासमोर आडवे येते, तेवढ्याच जागा उपयोगाच्या. म्हणूनच इतक्या डोंगरांच्या गर्दीत उडण्याजोग्या जागा मोजक्या आहेत, आणि कोणत्या दिवशी कोणत्या जागी जायचे हे वाऱ्याची दिशा ठरवते. खिंडीच्या तोंडाशी वारा निमुळत्या नळीतल्या पाण्यासारखा वेग घेतो, तेही टाळावे लागते.

ऋतूंचा हिशेब याला जोडून येतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस माघारी गेला की उड्डाणांचे दिवस सुरू होतात. हिवाळ्यात पूर्व-ईशान्येचा सौम्य वारा असतो. सकाळी दरीत थंड हवा साचलेली असल्यामुळे काहीच हलत नाही, आणि दिवस वर आल्यावर थोडी उचल मिळू लागते. फेब्रुवारीनंतर चित्र पालटते. जमीन तापते, दुपारी थर्मल जोर धरतात आणि दिवस कलू लागला की कोकणातून घाट चढून आलेला पश्चिमेचा खारा वारा मावळात पोहोचतो. उन्हाळ्याच्या संध्याकाळी पुणेकरांना गच्चीवर जो गारवा सुखावतो, तोच हा वारा. पुण्याआधी तो कामशेतला येतो. भर दुपारी थर्मलमुळे हवा खवळलेली असते. पाच वाजल्यानंतर ती एकसंध होते आणि नवशिक्यालाही धारेवर निवांत तरंगता येते. सुटीच्या दिवशी सकाळी आठला पोहोचून संध्याकाळी पाचपर्यंत सावलीत बसून राहणारी माणसे कामशेतच्या डोंगरावर दिसतात, ती आळशी नव्हेत.

येथेच औद्योगिक पट्ट्याचे वेळापत्रक आणि डोंगराचे वेळापत्रक एकमेकांशी भिडतात. पिंपरी-चिंचवडमधील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते, तर माहिती तंत्रज्ञानवाल्यांची शनिवार-रविवारी. गुरुवारी डोंगर मोकळा मिळतो, रविवारी एकाच धारेवर अनेक पंख दाटीने फिरतात. पण दोघांचीही अडचण सारखीच आहे. आठवडाभर वाट पाहिलेली असते, पहाटे उठलेले असते, पेट्रोल जाळलेले असते, दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला हजर व्हायचे असते आणि वारा मात्र जरा जास्तच असतो. ‘आलोच आहोत तर एकदा उडून पाहू’ हा विचार या खेळात जितका धोकादायक, तितका दुसरा कोणताही नाही. बोजा पाठीला लावून पायी खाली उतरणे हे येथील शिक्षणातले सर्वांत अवघड कौशल्य आहे, आणि त्याचे प्रमाणपत्र कोणी देत नाही. हिमाचल प्रदेशातील बीर-बिलिंग येथे २०१५ मध्ये पॅराग्लायडिंग विश्वचषकाची फेरी झाली. तेथील आकाशात गेल्या काही वर्षांत प्राण गमावलेल्यांत मुरलेले वैमानिकही आहेत.

धारेवर उडण्याचे शिष्टाचार धोक्यातूनच जन्मले. पहिला नियम असा की, वळायचे ते नेहमी डोंगराकडे पाठ करून, दरीच्या बाजूने. डोंगराच्या दिशेने वळले तर स्वतःच्या ३६ मध्ये वाऱ्याचे २५ मिळतात आणि ताशी ६१ किलोमीटरच्या वेगाने उतार अंगावर येतो. म्हणून पूर्ण गोल न घेता इंग्रजी आठच्या आकाराच्या लांबट फेऱ्या घातल्या जातात. दुसरा नियम समोरासमोर येणाऱ्यांचा. ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याचा हक्क पहिला. कारण त्याला उजवीकडे सरकायला जागाच नसते. समोरच्याने दरीकडे सरकून वाट द्यायची. रविवारच्या गर्दीत हे नियम पाळले गेले तर दहा-बारा जण एकाच धारेवर सुखाने फिरतात. एकाने मोडला तरी सर्वांना उतरावे लागते.

डोंगरधारेची ही विद्या पॅराग्लायडरहून कितीतरी जुनी आहे. १९११ मध्ये ऑरव्हिल राइट यांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावरील वाळूच्या टेकडीसमोर ग्लायडर पावणेदहा मिनिटे तरंगत ठेवले. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमाननिर्मितीवर बंधने घातली, तेव्हा तेथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी इंजिनाविना उडायचे ठरवले आणि वासरकुप्पे नावाच्या बोडक्या डोंगरावर १९२० पासून मेळावे भरू लागले. ऑगस्ट १९२२ मध्ये हॅनोव्हरच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या ‘व्हँपायर’ या ग्लायडरमधून मार्टेन्स प्रथमच एक तासाहून अधिक काळ हवेत राहिले. त्याच महिन्यात त्यांचे सहकारी हेंटझेन यांनी तीन तासांची मर्यादा ओलांडली. पुढे हे तास वाढतच गेले. वारा वाहतो तोवर धारेवरची उचल संपत नाही, संपते ती माणसाची शक्ती. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये शार्ल आतजे एकटे ५६ तास १५ मिनिटे उडत राहिले. त्यानंतर झोप अनावर होऊन वैमानिक डोंगरावर आदळू लागले, तेव्हा आंतरराष्ट्रीय महासंघाने अशा विक्रमांची नोंद ठेवणेच बंद केले. लांब धारा असलेल्या मुलखात मग वेळेऐवजी अंतराला महत्त्व आले. १९७७ मध्ये कार्ल स्ट्रिडिक यांनी अमेरिकेतील अॅपलेशियन डोंगररांगेच्या आधाराने जाऊन-येऊन एक हजार मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटरहून अधिक उड्डाण केले. सोंडा तुटक असल्यामुळे मावळात अशा लांब धावा धारेच्या जोरावर होत नाहीत. धारेवर उंची कमवायची आणि पुढे थर्मलचा हात धरायचा, असा येथील रिवाज आहे.

परवान्यांचा विषय थोडक्यात. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेसाठी नियम जारी केले आणि २०२१ मध्ये पर्यटन विभागाचे साहसी पर्यटन धोरण आले. त्यानुसार जमीन, हवा आणि पाणी या तिन्ही प्रकारच्या उपक्रमांसाठी आयोजकांनी नोंदणी करायची आहे. नोंदणी हा कागद असला तरी तो मागून पाहणे पर्यटकाच्या हाती आहे. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात केरी येथील पठारावरून झालेल्या जोडउड्डाणात पुण्याची पर्यटक तरुणी आणि वैमानिक दोघेही दरीत कोसळून मृत्युमुखी पडले. हा व्यवसाय विनापरवाना चालत असल्याचे नंतर पोलिसांनी सांगितले.

कामशेतच्या उडणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न मात्र वाऱ्याचा नाही आणि परवान्याचाही नाही. तो उतरण्याच्या जागेचा आहे. वारा पडला की धारेवरच्या प्रत्येकाला पायथ्याशी यावे लागते आणि पायथा म्हणजे भातखाचरे. १९८७ मध्ये वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून बाहेर पडलेला इंद्रायणी तांदूळ याच खाचरांत पिकतो. दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू होतो तेव्हा भात पुष्कळ ठिकाणी उभा असतो. त्यात कोणी उतरले तर पाय, दोऱ्या आणि पंचवीस चौरस मीटरचे कापड मिळून बरेच पीक आडवे करतात. उतरणाऱ्याला ते मऊ वाटते, शेतकऱ्याला ते वर्षाचे पीक असते. कापणी झाल्यावर रान मोकळे होते, पण ज्यांना ओल मिळते ते लगेच हरभरा किंवा मसूर पेरतात. त्यामुळे कोणत्या खाचरात काय उभे आहे, हे उडण्यापूर्वी डोंगरावरून नीट पाहून ठेवावे लागते. नुकसान झाले तर मालकाच्या घरी जाऊन ते भरून द्यावे, अशी रीत जेथे पाळली जाते, तेथे पुढच्या वेळी पाणी आणि चहाही मिळतो. जेथे ती पाळली जात नाही, तेथे गावकरी वाट अडवतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

शेतकऱ्याशी बोलणे तरी होऊ शकते. कुंपणाशी ते होत नाही. द्रुतगती मार्ग झाला, तळेगाव आणि चाकणला मोठे वाहन-उद्योग आले, तसे मावळातील जमिनीचे भाव चढले. पवनेच्या काठची आणि डोंगरपायथ्याची खाचरे गुंठ्यागुंठ्याने विकली जाऊन तेथे शेतघरे उभी राहत आहेत. तारेचे कुंपण आणि नव्या जोडणीसाठी ओढलेली वीजवाहिनी वरून जवळजवळ अदृश्य असते. पाच-सहाशे मीटर अंतरावरून खांब दिसतात, तार दिसत नाही. म्हणून खांब दिसला की तार आहेच असे समजावे, हे नवशिक्याला पहिल्याच दिवशी शिकवले जाते. हे भूखंड घेणाऱ्यांत पिंपरी-चिंचवडचेच लोक पुष्कळ आहेत, आणि त्याच शहरातले काही जण सुटीच्या दिवशी वरून त्या भूखंडांमधली मोकळी जागा शोधत असतात. ऑक्टोबरमध्ये हंगाम उघडला की जाणती माणसे पहिल्या दिवशी उडत नाहीत. ती पायथ्याच्या वाड्यांतून चालत फिरतात, गेल्या वर्षीच्या कोणत्या रानात यंदा भिंत आली ते पाहतात, नव्या तारांची नोंद करतात, खाचराच्या मालकांना भेटतात आणि मग दुसऱ्या खेपेला डोंगर चढतात.